मदरबोर्डचा नकाशा आधी वाचा, मग पैसे मोजा: मांडणी तपासण्याची पूर्ण पद्धत

प्रोसेसर, रॅम, ग्राफिक कार्ड सगळं एकमेकांना चालणारं निवडलेलं असतं. दुकानदारानंही होकार दिलेला असतो. मग बसवायला घेतलं की कळतं, हार्ड डिस्कची केबल जिथे लावायची तो पोर्ट ग्राफिक कार्डाच्या पोटाखाली गेलाय. किंवा प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर पहिल्या रॅमवर टेकतोय. किंवा कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबीची केबल चार बोटं कमी पडतेय. नाशिकमध्ये मी असेंबल केलेल्या आणि दुरुस्तीला आलेल्या मशीनमध्ये हे इतक्या वेळा पाहिलंय की आता सविस्तर लिहिणं भाग आहे.

चूक बहुतेक वेळा एकच असते. आपण मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग ज्याला जोडतात त्या मुख्य पाटीवर, काय काय आहे ते वाचतो, पण ते कुठे आहे हे बघत नाही. घर घेताना 'तीन खोल्या, दोन संडास' एवढ्यावर कुणी सही करत नाही, नकाशा मागतो. बोर्डचंही तसंच करायचं. आणि ते खरेदीच्या आधी, कारण सील फोडून प्रोसेसर बसवलेला बोर्ड परत घ्यायला कुणी खुशीनं तयार होत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला असेल तर बदलून घ्यायला पुन्हा कसारा घाट उतरावा लागतो.

टप्पा १: तयारी, म्हणजे कागद आणि मापं

बोर्ड अजून घेतलेला नाही असं धरून चालू. पुढच्या गोष्टी जमवा:

- बोर्डचं मॅन्युअल. प्रत्येक कंपनी आपल्या साइटवर फुकट देते. त्यात पहिल्या काही पानांत बोर्डचं रेषाचित्र असतं. आपल्याला तेच हवं.
- ग्राफिक कार्डाची लांबी, उंची आणि जाडी, तिन्ही मिलिमीटरमध्ये.
- कूलरची उंची आणि पंख्यासकट रुंदी.
- कॅबिनेटच्या माहितीपत्रकातली दोन मापं: जास्तीत जास्त कूलर किती उंच आणि कार्ड किती लांब चालतं.
- या मशीनला काय काय जोडणार त्याची यादी. हार्ड डिस्क किती, पंखे किती, पुढचे यूएसबी कोणते, एखादं जुनं कार्ड आहे का.

यादी करायचा कंटाळा करू नका. घरच्या माणसाला विचारा, ऑफिसचं मशीन असेल तर ते वापरणाऱ्याला विचारा. 'प्रिंटर कोणता, वर्कशॉपमधल्या यंत्राला प्रोग्राम कसा पाठवता, जुनी डिस्क लावायची आहे का,' हे तीन प्रश्न पुरतात.

आता ते रेषाचित्र खऱ्या मापात छापून घ्या. एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४ मिमी असतो, मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४४ × २४४, मिनी-आयटीएक्स १७० × १७०. म्हणजे पहिल्या दोन्हींना ए-३ कागद लागतो, मिनी-आयटीएक्स ए-४ वर बसतो. झेरॉक्सवाल्याला 'कागदाला बसवून' छापू नका म्हणून बजावा, नाहीतर चित्र आपोआप लहानमोठं होतं. चित्राचा आकार टक्क्यांनी कमीजास्त करत बोर्डची कड बरोबर मापाची येईपर्यंत एखाददुसरी प्रिंट वाया जाईल, जाऊ द्या.

तपासा: छापलेल्या चित्रावर फुटपट्टी लावा. पीसीआय एक्सप्रेसच्या (ग्राफिक कार्डासारखी कार्डं खोचायच्या खाचांच्या) दोन शेजारच्या जागांमधलं अंतर २०.३ मिमी आणि लांब एक्स१६ स्लॉट साधारण ८९ मिमी भरायला हवा. दोन्ही जुळले तर कागदावर विश्वास ठेवा. न जुळल्यास पुढची सगळी मोजणी चुकेल.

कागद टेबलावर ठेवताना मागचे पोर्ट डावीकडे आणि रॅम उजवीकडे येईल असा ठेवा. यापुढे मी डावी, उजवी, वर, खाली म्हणेन ते या दिशेनं.

टप्पा २: कडा आणि भोकं

सगळ्यात आधी बोर्डचा आकार, कारण तो कशानंच बदलत नाही. इथे एक फसगत होते. खोक्यावर 'मायक्रो-एटीएक्स' लिहिलेलं असलं तरी स्वस्त बोर्ड रुंदीला पूर्ण २४४ मिमी नसतात, बरेच आखूड असतात. बोर्ड आखूड झाला की उजव्या कडेची स्क्रूची भोकं गायब होतात. आणि २४ पिनांचं मोठं पॉवर कनेक्टर नेमकं त्याच उजव्या कडेला असतं.

हे जवळून बघण्यासारखं आहे. आखूड बोर्ड कॅबिनेटमध्ये कसून बसवलाय, २४ पिनांचा प्लग हातात घेतलाय आणि अंगठ्यानं दाबायला सुरुवात केलीय. प्लग आत जायच्या आधी बोर्डची उजवी कड खाली जायला लागते. खालच्या पत्र्याशी असलेली सहा-साडेसहा मिलिमीटरची फट डोळ्यांदेखत निम्मी होते. तिथे रॅमचे स्लॉट आहेत, त्यांच्या मागे सोल्डर केलेले बारीक सांधे आहेत. तो बोर्ड त्या दिवशी चालू होतो. वर्षभरानं एक रॅम स्लॉट बंद पडतो आणि दोष रॅमवर जातो.

म्हणून कागदावर भोकं मोजा. पूर्ण एटीएक्सला सहसा ९ असतात. ज्या कडेला आधार नाही तिथे पेन्सिलीनं रेघ मारून ठेवा. असा बोर्ड घेऊच नये असं नाही. पण मग २४ पिनांची केबल लावताना दुसऱ्या हाताची बोटं कडेखाली घालून आधार द्यायचा, किंवा ती केबल बोर्ड आत ठेवण्याआधीच लावून घ्यायची.

टप्पा ३: प्रोसेसर, कूलर आणि त्यांचे शेजारी

सॉकेटचा, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या चौकटीचा, मध्य शोधा आणि तिथून चारही दिशांना कूलरची निम्मी रुंदी मोजून चौकोन काढा. टॉवर कूलर १२० मिमीच्या पंख्याचा असेल तर पंख्यासाठी उजवीकडे आणखी २५ मिमी जोडा. हा चौकोन काय काय झाकतो ते बघा:

उजवीकडे रॅमचा पहिला स्लॉट येतो. बहुतेक मोठे कूलर त्याच्यावर थोडे तरी येतात. दोनच रॅम लावणार असाल तर चार स्लॉटच्या बोर्डवर त्या बहुतेक वेळा दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात, त्यामुळे पहिला झाकला गेला तरी चालतं. चारही भरायच्या असतील तर रॅमवरची शोभेची पट्टी किती उंच आहे हे मोजावं लागेल.

वर आणि डावीकडे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाचे हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारे धातूचे ठोकळे असतात. डावीकडे त्यातच मागच्या पोर्टवरचं प्लॅस्टिकचं आवरण मिसळलेलं असतं. हे उंच असलं की कूलर आडवा बसत नाही किंवा त्याचा क्लिप-स्क्रू हाताला लागत नाही. रेषाचित्रात उंची कळत नाही, त्यासाठी बोर्डचा तिरका घेतलेला फोटो बघा.

खाली पहिला पीसीआय स्लॉट. कूलर रुंद असला आणि स्लॉट अगदी वर असला तर कार्डाची पाठ आणि कूलर एकमेकांना घासतात.

कूलर जुनाच वापरणार असाल तर भोकांचं अंतर मोजा. इंटेलच्या एलजीए १२०० आणि त्याआधीच्या ११५एक्स मालिकेत ते ७५ × ७५ मिमी होतं, एलजीए १७०० पासून ७८ × ७८ झालं. तीन मिलिमीटरचाच फरक, पण जुना कूलर ओढूनताणून बसवला की एका कोपऱ्यावर जास्त दाब येतो. एएमडीच्या एएम४ आणि एएम५ मध्ये अंतर ५४ × ९० मिमी हेच आहे. मात्र एएम५ ची मागची पट्टी काढता येत नाही, त्यामुळे स्वतःची पट्टी लावणारे काही जुने कूलर त्यावर बसत नाहीत.

वीज पुरवणाऱ्या भागावर हीटसिंक आहे की नाही हे नाशिककरांनी जास्त काळजीनं बघावं. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो आणि सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कितीतरी ऑफिसांवर अजून पत्राच आहे. स्वस्त बोर्डवर सॉकेटच्या डावीकडच्या रांगेला हीटसिंक देतात आणि वरची रांग उघडी ठेवतात. ऑफिसच्या हिशेबाला हे चालतं. दिवसभर डिझाइन किंवा रेंडरिंग चालणार असेल तर दोन्ही रांगा झाकलेला बोर्ड घ्या, मग त्यासाठी चमकणारे दिवे सोडावे लागले तरी सोडा.

टप्पा ४: ग्राफिक कार्डाचा पट्टा

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यात होतात, म्हणून इथे वेळ द्या.

जाड पुठ्ठ्याची एक पट्टी कापा. लांबी कार्डाएवढी, रुंदी कार्डाच्या जाडीएवढी. दोन स्लॉटचं कार्ड साधारण ४० मिमी, तीन स्लॉटचं ६० मिमी. ही पट्टी कागदावर मुख्य एक्स१६ स्लॉटपासून खालच्या दिशेनं ठेवा, कारण कार्डाचे पंखे खाली बघतात. डावं टोक मागच्या कडेशी जुळवा. ३०० मिमीचं कार्ड २४४ मिमीच्या बोर्डच्या उजव्या कडेबाहेर जातं, तेही तसंच दिसू द्या.

आता पट्टीखाली जे जे गेलं त्याची यादी करा. कार्ड आणि बोर्ड यांच्यात सेंटीमीटरभर जागा उरते. त्यात चपट्या वस्तू राहतात, उभे प्लग राहत नाहीत.

- साटा पोर्ट (हार्ड डिस्कची केबल लागते ते) उभे असतील आणि पट्टीखाली येत असतील तर ते तुमच्यासाठी नाहीतच असं समजा. कडेला आडवे वळवलेले पोर्ट असतील तर चालतात, पण कडेबाहेर प्लग आणि केबल वळायला जागा कॅबिनेटमध्ये आहे का ते बघा.
- पुढच्या यूएसबी ३ चं १९ पिनांचं हेडर (हेडर म्हणजे केबल लावायच्या पिनांचा बोर्डवरचा गट). याची केबल जाड आणि ताठ असते, प्लग आणि केबलचं वळण मिळून तीन सेंटीमीटर तरी वर येतं. हे पट्टीखाली असलं तर बोर्ड बदला.
- एम.२ स्लॉट (पट्टीसारखी चपटी एसएसडी बसते तो). एसएसडी पट्टीखाली गेली तरी चालते, फक्त कार्डाची गरम हवा तिच्यावर येते आणि बदलायची झाली तर कार्ड काढावं लागतं. दोन एम.२ असतील तर ऑपरेटिंग सिस्टिमची एसएसडी प्रोसेसरजवळच्या स्लॉटमध्ये ठेवा.
- बॅटरी आणि बायोस (मशीन सुरू होताना चालणारा बोर्डचा स्वतःचा प्रोग्राम) रिसेटचा जंपर, म्हणजे दोन पिना जोडायची जागा. पट्टीखाली असले तर बिघाड नाही, पण तशी नोंद करून ठेवा.
- बाकीचे पीसीआय स्लॉट.

या शेवटच्या मुद्द्यावर मी स्वतः चुकलोय. अंबडमधल्या एका वर्कशॉपसाठी मशीन केलं होतं. डिझाइनचं काम, म्हणून चांगलं तीन स्लॉटचं कार्ड, आणि पैसे वाचावेत म्हणून मायक्रो-एटीएक्स बोर्ड. सगळं उत्तम चाललं. चार दिवसांनी मालकांचा फोन आला, "दादा, सीएनसीला प्रोग्राम जायचा तो सिरीयल पोर्ट कुठे गेला?" सीएनसी म्हणजे प्रोग्रामवर चालणारं कापकामाचं यंत्र. जुन्या संगणकात त्यासाठी छोटं कार्ड होतं. नवीन बोर्डला त्यासाठी एक्स१, म्हणजे सगळ्यात छोटा, स्लॉट होताही, पण तो ग्राफिक कार्डाखाली. बोर्ड बदलून द्यावा लागला. पुठ्ठ्याची पट्टी मी त्यानंतर कापायला लागलो.

हिशेब सोपा आहे. मायक्रो-एटीएक्सवर जास्तीत जास्त चार कार्डांची जागा असते. तीन स्लॉटचं कार्ड पहिल्या जागी बसलं तर एक उरते. दुसऱ्या जागी बसलं तर खाली काहीच उरत नाही, शिवाय बोर्डच्या खालच्या कडेचे ऑडिओ, यूएसबी २ आणि पॉवर बटणाचे हेडरही कार्डाला लागून येतात.

सावधान: लांब स्लॉट दिसला म्हणजे तो पूर्ण वेगाचा असं नाही. खालचा एक्स१६ आकाराचा स्लॉट बऱ्याचदा आतून एक्स४ किंवा एक्स१ असतो. मॅन्युअलमधल्या तक्त्यात लिहिलेलं असतं, तिथेच बघा.

टप्पा ५: तळटीपा वाचणं

मांडणी कागदावर दिसते, पण काही जागा आतून एकमेकांशी बांधलेल्या असतात. मॅन्युअलमध्ये साटा आणि एम.२ च्या माहितीखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की अमुक एम.२ मध्ये एसएसडी लावली की तमुक साटा पोर्ट बंद होतो, किंवा खालचा पीसीआय स्लॉट बंद होतो. हे बोर्डागणिक बदलतं. कागदावर अशा जोड्यांना एकाच रंगानं गोल करा आणि यादीतल्या डिस्क त्यात बसवून बघा.

'नवी एसएसडी लावल्यापासून जुनी हार्ड डिस्क दिसत नाही' ही तक्रार घेऊन जे येतात, त्यातल्या बऱ्याच जणांची डिस्क धडधाकट असते. पोर्ट बदलला की दिसते.

टप्पा ६: कडेचे हेडर आणि केबलचा रस्ता

इथे कॅबिनेट समोर हवं. एक सुतळी घ्या. कॅबिनेटमध्ये एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) बसतो त्या जागेपासून, मागच्या पत्र्यामागून, वरच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत सुतळी फिरवा. प्रोसेसरची ८ पिनांची वीज त्या कोपऱ्यात लागते. खाली एसएमपीएस बसणाऱ्या उभ्या कॅबिनेटमध्ये हे अंतर साधारण ६० ते ६५ सेंमी भरतं. सुतळी एसएमपीएसच्या केबलशी ताडून बघा. स्वस्त एसएमपीएसची केबल इथेच कमी पडते आणि मग लोक ती ग्राफिक कार्डावरून आडवी ओढून घेतात.

तशीच सुतळी पुढच्या पॅनलपासून यूएसबी ३ च्या हेडरपर्यंत आणि पुढच्या ऑडिओपासून खालच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत फिरवा. ऑडिओची केबल सगळ्यात लांबचा प्रवास करते.

पंख्यांचे हेडर मोजा, आणि कुठे आहेत तेही बघा. पाच हेडर आहेत पण तीन खालच्या कडेला, आणि तुमचे पंखे वर, असं असलं तर उपयोग नाही. एका हेडरवर सहसा १ अँपिअरपर्यंतच भार द्यायचा असतो, त्यामुळे एकावर चार-पाच पंखे जोडण्याआधी पंख्यांवर छापलेला आकडा वाचून बेरीज करा.

कॅबिनेटला पुढे टाइप-सी पोर्ट असेल तर त्याचं हेडर वेगळं, छोटं आणि धातूच्या चौकटीचं असतं. बोर्डवर ते नसेल तर तो पोर्ट नुसता दिसायला राहतो.

सावधान: शोभेच्या दिव्यांच्या हेडरमध्ये दोन प्रकार आहेत. चार पिनांचं १२ व्होल्टचं आणि तीन पिनांचं (चौथ्याची जागा रिकामी) ५ व्होल्टचं. ५ व्होल्टची पट्टी १२ व्होल्टवर लावली की ती जळते. जोर लावून प्लग बसवावा लागतोय म्हणजे काहीतरी चुकतंय.

*सिरीयल पोर्ट लागणाऱ्यांसाठी*

सातपूर-अंबडमध्ये सीएनसीला आरएस-२३२ नं (सिरीयल पोर्टच्या जुन्या जोडणीनं) प्रोग्राम देणारे संगणक अजून पुष्कळ आहेत, म्हणून हे सविस्तर. आजच्या बोर्डवर मागे सिरीयल पोर्ट क्वचित असतो, पण कडेला ९ पिनांचं 'कॉम' हेडर बऱ्याच बोर्डवर असतं. त्याला जोडायची पट्टी म्हणजे ब्रॅकेट वेगळी मिळते. अडचण अशी की या ब्रॅकेटच्या तारांची जोडणी दोन प्रकारची येते आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. चुकीची लावली तर पोर्ट विंडोजमध्ये दिसतो, पण सीएनसीशी बोलत नाही. मग माणसं बॉड रेट, म्हणजे पोर्टचा वेग, बदलत दिवस घालवतात.

तपासणी मल्टिमीटरनं दोन मिनिटांत होते. मॅन्युअलमध्ये कॉम हेडरच्या कितव्या पिनवर ग्राउंड आहे ते बघा. मल्टिमीटर बीपवर ठेवा. एक टोक ब्रॅकेटच्या बाहेरच्या पोर्टच्या ५ नंबर पिनला, कारण आरएस-२३२ च्या ९ पिनांच्या पोर्टात ग्राउंड तिथेच असतं. दुसरं टोक केबलच्या आतल्या प्लगमध्ये, हेडरच्या ग्राउंड पिनसमोर येणाऱ्या भोकात. बीप आली तर जोडणी जुळते. बोर्डचं ग्राउंड ५ नंबरवर आणि बीप ९ नंबरच्या भोकात येत असेल तर ब्रॅकेट दुसऱ्या प्रकारची आहे, परत करा.

टप्पा ७: दुकानात, पैसे देण्याआधी

कॅनडा कॉर्नर असो की महात्मा गांधी रोड, खोकं काउंटरवरच उघडायला सांगा. यात संकोच करण्यासारखं काही नाही, चांगला दुकानदार स्वतःच उघडून दाखवतो.

१. खोक्यावरचा आणि बोर्डवरचा सिरीयल नंबर जुळतो का ते बघा. बोर्डवर छापलेली आवृत्तीही बघा. एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांत हेडरची जागा बदललेली असू शकते.

२. इंटेलच्या सॉकेटचं आणि एएम५ चं झाकण काढून पिना बघा. मोबाइलचा टॉर्च एका बाजूनं तिरका धरा आणि डोकं हळू हलवा. सरळ पिनांची चमक शेतातल्या सऱ्यांसारखी एका दिशेनं सरकत जाते. वाकलेली पीन त्या रांगेत वेगळी चमकते किंवा काळी दिसते. एक फोटो काढून ठेवा, वॉरंटीच्या वेळी उपयोगी पडतो. बोट किंवा कापड आत लावू नका.

३. बोर्ड डोळ्यांच्या पातळीवर आडवा धरून वाकलाय का बघा. कोपरे ठेचलेले नाहीत ना, मागच्या बाजूला ओरखडा नाही ना.

४. खोक्यातल्या वस्तू: मागच्या पोर्टची पत्र्याची पट्टी (ती बोर्डलाच जोडलेली नसेल तर), साटा केबल, आणि एम.२ चे इवलेसे स्क्रू. हे स्क्रू नसले तर एसएसडी एका टोकाला उचललेलीच राहते. नंतर शोधायला गेलात तर गावभर फिराल.

तुमचा छापलेला कागद सोबत न्या आणि खऱ्या बोर्डशी एकदा ताडून बघा.

टप्पा ८: कॅबिनेटमध्ये ठेवण्याआधी

थंडीत हे काम करत असाल तर आधी लोकरीचा स्वेटर काढून ठेवा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे, आणि निफाडच्या बाजूला तर जास्तच, हवा इतकी कोरडी असते की दाराच्या कडीला हात लावला तरी चटका बसतो. तो चटका बोर्डला बसू नये म्हणून एसएमपीएसचा प्लग अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये घाला, भिंतीवरचा स्विच बंद ठेवा आणि मधूनमधून एसएमपीएसच्या उघड्या पत्र्याला हात लावा.

आता तोच कागद पुन्हा लागतो. त्यावरची स्क्रूची भोकं पेन्सिलीच्या टोकानं फोडा. कॅबिनेटच्या पत्र्यावर कागद मागच्या कडेशी जुळवून ठेवा. जिथे भोक तिथे खाली पितळी स्टँड, म्हणजे बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारा छोटा खांब, हवा. आणि जिथे भोक नाही तिथे आधीचा एखादा स्टँड राहिला असेल तर तो काढाच. मायक्रो-एटीएक्स बोर्डखाली एटीएक्सचा विसरलेला स्टँड हे 'चालूच होत नाही' या तक्रारीचं जुनं कारण आहे. तो बोर्डच्या पाठीला टेकतो आणि शॉर्ट होतं.

मग बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर आणि एकच रॅम लावून चालू करून बघा. ज्या पिशवीतून बोर्ड आला ती खाली अंथरू नका, तिचा पृष्ठभाग वीज वाहू शकतो. खोक्याचा पुठ्ठा पुरे. पॉवर बटणाच्या दोन पिना पेचकसच्या टोकानं क्षणभर जोडल्या की मशीन सुरू होतं. प्रोसेसरमध्ये ग्राफिक नसेल तर कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काही येणार नाही, हे लक्षात ठेवा.

टप्पा ९: बसवण्याचा क्रम

क्रम उलटा झाला की बरोबर निवडलेला बोर्डही छळतो. माझा क्रम असा:

१. मागच्या पोर्टची पत्र्याची पट्टी. बाहेरून बोटानं चारही कोपरे टक् आवाज येईपर्यंत दाबा.

२. एम.२ एसएसडी, बोर्ड बाहेर असतानाच. तिच्या हीटसिंकखालच्या रबरी पट्टीवरचं पारदर्शक कागदासारखं आवरण काढा. ८० मिमीच्या एसएसडीला ८० च्याच भोकात स्टँड लावा, मधल्या भोकातला स्टँड तिच्या पोटाला टेकतो.

३. बोर्ड आत ठेवा, सगळे स्क्रू आधी सैल लावा, मग मधल्यापासून बाहेर कसत जा. हाताला घट्ट लागलं की थांबा.

४. वरच्या डाव्या कोपऱ्यातली ८ पिनांची वीज. मोठा कूलर बसल्यावर तिथे बोटं जात नाहीत. ग्राफिक कार्डाचाही ८ पिनांचा प्लग असतो, तो ६ आणि २ असा फुटतो. प्रोसेसरचा ४ आणि ४ असा फुटतो. अदलाबदल करू नका.

५. कूलर बाहेर बसवला नसेल तर आता, मग उरलेल्या रॅम.

६. खालच्या कडेचे सगळे हेडर: ऑडिओ, यूएसबी, पॉवर बटण, पंखे.

७. यूएसबी ३ चा ताठ प्लग. सरळ दाबा. काढताना तिरका ओढला तर हेडरची प्लॅस्टिकची चौकटच उपटून येते आणि पिना वाकतात.

८. साटा आणि २४ पिनांची वीज.

९. ग्राफिक कार्ड सगळ्यात शेवटी. लावण्याआधी स्लॉटच्या टोकाच्या खिट्टीपर्यंत बोट पोचतं का बघा. मोठं कार्ड बसल्यावर ही खिट्टी दिसत नाही. कार्ड काढायची वेळ येते तेव्हा लोक पेचकस खुपसतात आणि तो घसरून बोर्डवरची तार कापतो. बोट पोचत नसेल तर एखादी लाकडी काडी किंवा जुन्या टूथब्रशचा दांडा वापरा, लोखंड नको.

तपासा: क्रमांक ३ झाल्यावर मागून बघा. पत्र्याच्या पट्टीची एखादी जिभली लॅनच्या किंवा यूएसबीच्या भोकात शिरलेली असते. केबल लावायला गेल्यावर हे कळतं, आणि तेव्हा सगळे स्क्रू परत काढावे लागतात.

टप्पा १०: झाकण लावण्याआधी

मशीन आडवं असेल तर उभं करा. कार्डाचं उजवं टोक खाली लोंबतंय का बघा, लोंबत असेल तर आधार लावा. प्रत्येक पंख्यात केबल शिरत नाही ना हे हातानं पंखा फिरवून बघा. मग चालू करून बायोसमध्ये जा आणि यादीतली प्रत्येक गोष्ट दिसते का ते मोजा: रॅम किती, डिस्क किती, पंखे किती फिरतायत. पुढच्या यूएसबीत पेनड्राइव्ह, पुढच्या ऑडिओत हेडफोन, आणि सिरीयल पोर्ट असेल तर तोही, सगळं आत्ताच लावून बघा.

तो छापलेला कागद फेकू नका. त्यावर लिहा: कोणती डिस्क कोणत्या साटा पोर्टला, कोणता पोर्ट एम.२ मुळे बंद, बॅटरी कुठे, बायोस रिसेटचा जंपर कुठे, कुठल्या कडेला स्क्रूचा आधार नाही. तारीख घाला. घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, पंख्यांपासून लांब, चिकटवून टाका.

अंबडच्या त्या मशीनमध्ये आता असा कागद आहे. मध्यंतरी त्यांची एक डिस्क दिसेनाशी झाली, तेव्हा मालकांनी झाकण उघडून फोनवर मला कागद वाचून दाखवला. केबल तिसऱ्या पोर्टातून चौथ्यात लावायला सांगितली आणि डिस्क परत दिसायला लागली.